फाट्यापर्यंत किती वेळ

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी आंघोळ झाल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की तू पाठवलेला फॉर्मांचा गठ्ठा देवापुढे ठेवला आणि हात जोडले. आई म्हणाली, "सरकारी कागदाला कसले हात जोडतोस?" मी म्हटलं, "कागदाला नाही, कागदामागून जो डॉक्टर येणार आहे त्याच्यासाठी जोडतोय." चोवीस वर्षं या आरोग्य केंद्रात ड्रेसर म्हणून जखमा धुतोय, पट्ट्या बांधतोय, कात्र्या-चिमटे उकळतोय. कायमचा डॉक्टर काही आपल्या डोंगराच्या नशिबी आला नाही. आठवड्यातून एकदा येतो, तोही घड्याळाकडे बघत. बाकी सगळा भार नर्सबाईंवर आणि दारातल्या त्या एका गाडीवर. आता माझा सख्ख्यापेक्षा जवळचा मामेभाऊ आरोग्य खात्याच्या नियोजन विभागात बसलाय आणि लिहितोय, की दादा, फॉर्म नीट भरून आले तर वर डॉक्टर मिळेल. मग हात आपोआपच जोडले जातात.

फॉर्म सोपा आहे, एकच पान. घरात माणसं किती, म्हातारी किती, लहान मुलं किती, आणि शेवटी तुमच्या घरापासून खाली मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो. तू लिहिलंस की हा आकडा जितका लहान तितकं बरं, फार लांब दिसलं तर डॉक्टर यायलाच तयार होत नाहीत. मी ते घरोघर सांगायचं ठरवलं होतं. पण सांगायची गरजच पडत नाही. तुला आपली माणसं ठाऊक आहेत. चालायला वेळ लागतो असं कबूल करणं म्हणजे आपण संपलो असं कबूल करणं.

वरच्या वस्तीतले आजोबा, ज्यांना आपण लहानपणी इंजिन म्हणायचो, ते हल्ली धाप लागते म्हणून महिन्यातून दोनदा केंद्रात येतात. त्यांना विचारलं. म्हणाले, "पाऊण तास."

"आजोबा, परवा नुसतं केंद्रापर्यंत यायला तुम्हाला दोन तास लागले."

"वाटेत गप्पा मारत आलो. लिही पाऊण."

आतून आजी म्हणाल्या, "पाऊण तास ह्यांना चपला शोधायला लागतो."

"तू गप गं. ह्याच्या बापाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडलाय मी."

मी पाऊण लिहिलं. शेजारचा तरणा सुतार तर म्हणाला, "अर्धा तास. उताराला लागलो की पाय मला नेतात, मी पायांना नेत नाही." त्याची बायको दारात उभी राहून हसत होती. तिला दिवस गेलेत. आणि तुझी आत्या, जिला अंगणातून ओट्यावर चढायला माझा खांदा लागतो, ती म्हणाली, "वीस मिनिटं." मी म्हटलं, आई, खरं सांग. म्हणाली, "बरं, पंचवीस."

एक शंका आहे. हा वेळ कुणाच्या चालीने लिहायचा? धडधाकट, रिकाम्या हातांच्या माणसाच्या, की आजारी माणसाच्या? ते फॉर्मात कुठे दिसत नाही. कळव. फोन लावायला टेकडीच्या टोकावर जावं लागतं आणि तिथेही तुझा आवाज तुटत येतो, म्हणून पत्रच लिही.

तुझा,
दादा

---

१५ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटाच इतका हसलो, की शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारायला लागल्या काय झालं. इंजिन आजोबा अजून तसेच आहेत! आत्याला सांग, तिची पंचवीस मिनिटं मी मंजूर केली.

तुझी शंका बरोबर आहे, पण काळजी करू नकोस. धडधाकट माणसाच्या चालीनेच लिही. आजाऱ्यांचा हिशेब आम्ही इकडे वेगळा लावतो, त्याची रीत ठरलेली आहे. तू त्यात पडू नकोस, नाहीतर आकडे गोंधळतात आणि साहेब अख्खा गठ्ठा परत पाठवतात. नर्सबाईंना भरायला सांगू नकोस. त्या बाहेरच्या, त्यांना लोक मोकळेपणाने सांगणार नाहीत. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठा माझ्या टेबलावर हवा.

दादा, मी सहा वर्षांचा पोरका पोर तुमच्या दारात आलो तेव्हा तू तुझं अंथरूण मला दिलंस. त्याची फेड होत नसते. पण गावासाठी एवढं करता आलं तर मला बरं वाटेल.

तुझा,
बारक्या

---

२ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

सगळ्या एकशे त्रेसष्ट घरांचे फॉर्म या पत्राबरोबर पाठवतोय. प्रत्येकाखाली 'वरील माहिती खरी आहे' या ओळीवर माझी सही आहे. दीड तासाच्या वर एकही आकडा नाही. तुला हवे होते तसे झाले असावेत.

एक गोष्ट मनाला लागून राहिली ती सांगतो. नर्सबाईंनी गठ्ठा चाळला आणि म्हणाल्या, "दादा, हे सगळे काय शर्यतीत पळणारे आहेत? सुताराची बायको भरल्या दिवसांची असेल तेव्हा अर्ध्या तासात फाटा गाठणार आहे का?" मी जरा तोडूनच बोललो. म्हटलं, "बाई, तिथे माझा भाऊ बसलाय. त्याला आमचा डोंगर पाठ आहे. आजाऱ्यांचा हिशेब ते वेगळा लावतात." त्या नोंदवहीत मान घालून लिहीत राहिल्या. या बाई आठ वर्षं इथे आहेत. घरापासून लांब, एका खोलीत राहून त्यांनी किती बाळंतपणं केली ते मी पाहिलंय. त्यांना असं बोलायला नको होतं. डॉक्टर आला की त्यांचाही भार हलका होईल, तेव्हा माफी मागेन.

आई विचारते, बारक्या बारीक झाला का रे? डबा वेळेवर खात जा.

तुझा,
दादा

---

२० एप्रिल

ती. दादास, सा. नमस्कार.

गठ्ठा मिळाला. तुझं अक्षर पाहून साहेबसुद्धा म्हणाले, हा माणूस कोण? तुझी फार मदत झाली. मला बढती मिळाली आहे, आता वेगळी खोली आहे, दारावर पाटी आहे. आत्याला सांग. कामाचा ताण आहे म्हणून एवढंच.

तुझा,
बारक्या

---

९ जून

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसात काहीतरी मोठी चूक झाली आहे. म्हणून लगेच लिहितोय.

काल हुकूम आला. एक जुलैपासून नर्सबाईंची आणि गाडीची बदली खाली फाट्यावरच्या नव्या आरोग्य केंद्रात. आपलं केंद्र आठवड्यातून फक्त गुरुवारी उघडायचं, तेही मी, पट्ट्या आणि तापाच्या गोळ्या देण्यापुरतं. कारण लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो: 'सदर भागातील सर्व १६३ कुटुंबे फाट्यापासून दीड तासाच्या आत असल्याचे घरोघर पाहणीत आढळून आले आहे. सबब तेथे स्वतंत्र केंद्राची आवश्यकता नाही.'

मी ते तीनदा वाचलं. आपण आकडे डॉक्टर यावा म्हणून दिले होते ना? मग त्याच आकड्यांवरून असलेली नर्ससुद्धा कशी जाते? कुणा कारकुनाने आपला गठ्ठा दुसऱ्याच फायलीत घातला असणार. आणि आजाऱ्यांचा तो वेगळा हिशेब लावायचा राहून गेला असणार. तू बढतीच्या गडबडीत होतास, तुझ्या नजरेतून सुटलं असेल. साहेबांना भेट. हवं तर मी येतो, लोकांना घेऊन येतो.

सुताराच्या बायकोला ऑगस्टमधली तारीख आहे. नर्सबाईंनी तिला दर महिन्याला तपासलंय. आता पुढे कोण बघणार? त्या सामान बांधतायत. मला म्हणाल्या, "दादा, तुमच्या भावाला कळवलंत ना?" म्हटलं, "आजच कळवतो, तो बघतो."

वाट पाहतोय.

तुझा,
दादा

---

२५ जून

ती. दादास, स. न.

पत्र मिळालं. हुकूम वरून निघालेला आहे, तो माझ्या हातात नाही. आणि चूक झाली आहे असं म्हणणंही बरोबर नाही. जरा मोठ्या नजरेने बघ. फाट्यावर नवी इमारत आहे, दोन डॉक्टर आहेत, शस्त्रक्रियेची खोली आहे, रक्त तपासायची सोय आहे, चोवीस तास. वर तुमच्याकडे काय होतं? एक खाट, एक नर्स आणि तुझ्या पट्ट्या. चार ठिकाणी अर्धवट सोय असण्यापेक्षा एका ठिकाणी पूर्ण सोय असलेली बरी, हे जगभर मान्य झालेलं आहे. थोडं चालावं लागेल. आपली माणसं चालण्यात कुणाला ऐकत नाहीत, तूच लिहिलं होतंस.

लोकांना घेऊन येऊ नकोस. त्याने काही साधत नाही, उलट माझी अडचण होते.

आपला,
सहायक नियोजन अधिकारी

(सही पाहून रागावू नकोस, टाइप करणाऱ्याने सवयीने घातली.)

---

११ ऑगस्ट

चि. बारक्यास आशीर्वाद.

बुधवारी सुताराच्या बायकोला दुपारी बाराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. हात लावताच सुईणीला कळलं आणि ती म्हणाली, माझ्याने होणार नाही, हलवा. रोज एक जीप खाली जाते ती सकाळीच गेलेली. ती गेल्यावर पावसाने कच्चा रस्ता वाहून गेला होता, तेव्हा गाडी बोलावूनही वर आली नसती. सुताराने स्वतः केलेल्या खुर्चीला दोन वासे बांधले, तीत तिला बसवलं, वर प्लॅस्टिक धरलं आणि आम्ही आठजण चार-चारच्या पाळीने निघालो. एक वाजला होता.

त्या वाटेने मी जन्मभर चाललोय. ती वाट इतकी लांब आहे हे मला माहीत नव्हतं. रिकाम्या माणसाला जिथे उडी मारून उतरता येतं तिथे खुर्ची चारजणांनी एक-एक पाऊल खाली द्यावी लागते. ओढ्याला पाणी उतरायची वाट बघत आम्ही तासभर उभे होतो. ती सुरुवातीला ओरडत होती, नंतर ओरडायची थांबली, तेव्हा जास्त भीती वाटली. सुतार सगळी वाट पुढच्या वाशाला खांदा देऊन होता, पाळी आली तरी खांदा बदलू देत नव्हता. मी मागून चालताना देवाचं नाव घेत होतो, आणि मध्येच माझ्या लक्षात यायचं की नाव थांबलंय आणि मी मिनिटं मोजतोय.

साडेसहाला फाटा आला. तिथे सगळं होतं, तू लिहिलंस तसंच. स्वच्छ खोली, चांगला उजेड, दोन डॉक्टर. डॉक्टरीणबाईंनी एक क्षण घालवला नाही. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, आईला धोका नाही. मग म्हणाल्या, "दोन तास आधी आणायला हवं होतं." मुलगा होता.

मी बाकावर बसलो होतो. सुतार माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या खांद्याची कातडी सोलली होती, मी पिशवीतून पट्टी काढली. बांधून घेता घेता तो म्हणाला, "दादा, अर्धा तास मीच सांगितलं होतं ना. तुम्ही सांगितलं ते लिहिलंत. तुमच्याकडे काय दोष?"

तो मला धीर देत होता, बारक्या. त्याने माझ्या थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

तिथे नर्सबाई होत्या. त्यांनी मला चहा आणून दिला.

आता तरी साहेबांकडे जा.

दादा

---

२० ऑगस्ट

दादांना नमस्कार.

सुताराची बायको बरी आहे, जखम सुकतेय, सोमवारी घरी पाठवू. जेवते, पण बोलत नाही. खुर्ची अजून आमच्या व्हरांड्यात आहे. तिच्या नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, राहू द्या.

एक गोष्ट लिहावी की नाही असा आठ दिवस विचार केला. इथे आल्यावर फाट्याच्या खालच्या गावांची तीच पाहणी मला करायला दिली. फॉर्म तोच आहे, त्याच छापखान्यातला, त्याच नंबरचा. पण त्याला दोन पानं आहेत. पहिलं तुम्ही भरलंत तेच. दुसऱ्या पानावर विचारलंय: आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला फाट्यापर्यंत आणायला किती वेळ लागतो, उचलायला किती माणसं लागतात, पावसात वाट बंद असते का, वर्षात असं किती वेळा घडलं. खाली ठळक अक्षरांत टीप आहे: 'केंद्र ठेवायचे की हलवायचे याचा निर्णय पान दोनवरून घ्यावा.' पान दोन कोरं असेल तर पान एक धरायचं, असंही लिहिलंय.

मी इथल्या साहेबांना सहज विचारलं, वरच्या भागाचं पान दोन कुठे आहे? ते म्हणाले, त्या भागाचे फॉर्म तिथल्याच एका अधिकाऱ्याने स्वतः वेगळे मागवून घेतले होते, आपला भाग आहे म्हणाला.

तुम्हाला दुखवायचा हेतू नाही. पण त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात ना, आजाऱ्यांचा हिशेब वेगळा लावतात. तो असा लावतात. कोरं पान सोबत पाठवतेय.

तुमची,
नर्सबाई

---

१ सप्टेंबर

बारक्यास,

नर्सबाईंनी पाठवलेलं दुसरं पान माझ्यासमोर आहे. मी तुला पत्राने विचारलं होतं, की आजारी माणसाच्या चालीने लिहू का. तो प्रश्न या पानावर छापलेलाच होता.

मी एकच विचारतो. एकशे त्रेसष्ट फॉर्मांची दुसरी पानं तू काढलीस का?

मी मुख्य कार्यालयाकडे नव्याने पाहणी करण्यासाठी अर्ज केला आहे. तुला आधी कळावं म्हणून सांगतोय.

दादा

---

१४ सप्टेंबर

ती. दादा,

हे पत्र मी घरून, हाताने लिहितोय. वाचून झालं की फाडून टाक.

हो, मी काढली. एका संध्याकाळी ऑफिसात बसून टाचण्या काढल्या. तुला वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. आम्हा सहा अधिकाऱ्यांना सांगितलं होतं, प्रत्येकाने आपल्या भागातलं एक केंद्र कमी करून दाखवायचं. एक जाणारच होतं, दादा. माझ्याकडे तीन होती. नदीकाठच्या लोकांच्या मागे पुढारी आहेत, ते मोर्चा आणतात. खाणीजवळचे लोक दगड मारतात. आपली माणसं भांडत नाहीत. मला वाटलं, आपली माणसं समजून घेतील. आणि तू आहेसच तिथे, तू सांभाळून घेशील. सुताराच्या घरी जे झालं ते ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही, देवाशपथ.

आता खरं काम. तुझा अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावरून गेला. दहा ऑक्टोबरला चौकशीच्या बाई तुला बोलावणार आहेत. त्या कडक आहेत. त्यांनी विचारलं की दुसरं पान कुठे गेलं, तर तू एवढंच म्हण, की गठ्ठा माझ्याकडे पूर्ण आला होता, दुसरी पानं माझ्याकडून भिजून गहाळ झाली. मी ड्रेसर माणूस, मला त्यांचं महत्त्व कळलं नाही. बस. तुझी नोकरी लहान, फार तर ताकीद देतील. माझी अजून सोळा वर्षं आहेत, मुली लहान आहेत. तू असं म्हणालास तर पाहणी पुन्हा होईल, केंद्रही कदाचित परत येईल, आणि मीही वाचेन. सगळ्यांचंच भलं आहे त्यात.

तू मला कधी टाकलं नाहीस. आत्ताही टाकू नकोस. आत्याला यातलं काही सांगू नकोस.

तुझाच,
बारक्या

---

१० ऑक्टोबर

बारक्यास,

हे पत्र तुझ्या कार्यालयाच्या खालच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या बाकावर बसून लिहितोय. तू वर आहेस हे पहारेकऱ्याने सांगितलं. मी वर येणार नाही. लिहून झालं की पत्र त्याच्याकडेच ठेवतो.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तू नको म्हणाला होतास, पण त्या घरात तू तिच्या मांडीवर वाढलास, तिच्यापासून लपवायचा अधिकार मला नव्हता. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसली. मग म्हणाली, "हेच दुसऱ्या कुणाच्या पोराने केलं असतं तर तू त्याचं नाव घेतलं असतंस का?"

मी म्हटलं, "घेतलं असतं."

"मग?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

गेला महिनाभर मी दुसरं पान घरोघर नेलं. नर्सबाईंनी कोऱ्या पानाच्या प्रती काढून पाठवल्या. सुरुवातीला पुन्हा तेच. इंजिन आजोबा म्हणाले, "आजारी माणूस? सव्वा तास लिही." तेव्हा मला कळलं, की विचारून हे काम व्हायचं नाही. रविवारी सगळ्या वस्त्यांना केंद्रापुढे बोलावलं आणि आधी माझंच सांगितलं. म्हटलं, मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, मला काही रोग नाही. काल घड्याळ लावून रिकाम्या हाताने फाट्याला गेलो. मला दोन तास दहा मिनिटं लागली. मी स्वतःच्या फॉर्मावर एक तास लिहिला होता, आणि लिहिताना तो मला खरा वाटला होता.

कुणी हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "मला तीन लागतात. पोर कडेवर असलं की चार." मग दुसरी बोलली. बाया आधी बोलल्या, बाप्ये नंतर. आजोबा शेवटपर्यंत गप्प होते. आजींनी त्यांना कोपर मारलं तेव्हा म्हणाले, "फाटा मी सहा वर्षांत पाहिलेला नाही. झालं समाधान?" आणि असे रागावून निघून गेले, की पंचवीस पावलांवर दम खायला बसावं लागलं. आम्ही तिकडे बघितलं नाही.

मग प्रत्येक वस्तीतून एकेकदा खुर्ची उचलून नेली, आत एका बाईच्या वजनाची धान्याची पोती बांधून. फाट्यावरून खुर्ची आणायला सुतार आपणहून गेला. वरच्या वस्तीतून, कोरड्या वाटेने, चार तास वीस मिनिटं. त्याच्या घराचं पान त्याने मला भरू दिलं नाही. स्वतः लिहिलं: साडेपाच तास, आठ माणसं. 'वर्षात असं किती वेळा घडलं' याच्यापुढे त्याने 'एकदा' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. आईनेही स्वतःच सांगितलं. "मला जाता येत नाही असं लिही." उभ्या जन्मात ते वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

तू म्हणतोस आपली माणसं भांडत नाहीत. ते खरं आहे. पण तू ज्यावर डाव मांडलास ते त्यांचं न भांडणं नव्हतं. परक्या अधिकाऱ्याला हे जमलं नसतं. आजोबा कधी वेळ खरा सांगणार नाहीत, आई पंचवीसच्या वर जाणार नाही, हे कळायला त्यांच्यात वाढावं लागतं. ते प्रेमाने कळलेलं होतं, बारक्या, आणि तू ते टाचणीसारखं काढून वापरलंस. मलाही तसंच वापरलंस. मी सकाळी उठतो, हात जोडतो, आणि काय मागावं ते सुचत नाही. तुला क्षमा करायची बुद्धी दे, असं म्हणायला हवं. अजून म्हणता आलेलं नाही.

आता आजचं. चौकशीच्या बाई कडक आहेत, पण त्यांनी मला आधी खुर्ची दिली. दोन्ही गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी जुनं-नवं शेजारी ठेवून पंधरा-वीस घरं पाहिली. मग चष्मा काढून विचारलं, "दुसरं पान कुठे गेलं होतं?"

तू शिकवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. खोटं बोलायचं ठरवलं होतं म्हणून नव्हे. सहा वर्षांच्या पोराला पाठीशी घालायची सवय छत्तीस वर्षांची आहे, ती मोडायला जड गेली. मी म्हटलं, "ते आमच्याकडे आलंच नाही. फॉर्म माझ्या मामेभावाने पाठवले, दुसरं पान त्याने काढून घेतलं. तो याच इमारतीत बसतो. आणि जे पहिलं पान आलं ते मी भरलं. आकडे खोटे आहेत हे मला दिसत होतं. नर्सबाईंनी सांगितलंही होतं. तरी मी खाली सही केली."

"तुमच्यावरही कारवाई होईल, हे माहीत आहे?"

"आहे."

त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी 'अनवधानाने' असा शब्द घातला होता. बहुधा माझ्या भल्यासाठीच. मी तो काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, नव्या पाहणीची खात्री करायला त्यांचा माणूस वर येईल आणि तोवर नर्सबाई आठवड्यातले तीन दिवस वर बसतील. पुढचं काही वचन त्यांनी दिलं नाही, मी मागितलंही नाही.

मी सही केली. कागदावर शिक्का बसला आणि शिपाई तो घेऊन आतल्या खोलीत गेला. हे तुला तिऱ्हाइताकडून कळू नये म्हणून लिहिलं. त्यात दोन नावं आहेत. माझं पहिलं आहे, आणि तुझं मी घेतलं आहे.

दादा